आर्ग्युमेंट जुळवणारे छोटे हेल्पर: फराळाच्या ऑर्डरींच्या पानाच्या कामाच्या नोंदी

८ सप्टेंबर २०२५, सोमवार

वहिनींच्या बचत गटासाठी दिवाळी फराळाच्या ऑर्डरींचं एक पान गेल्या वर्षी घाईघाईत उभं केलं होतं. गिऱ्हाईक फॉर्म भरतं, ते शीटमध्ये जातं, शीटची सीएसव्ही काढून ब्राउझरमधल्या पानावर टाकली की गिऱ्हाइकवार बिलं आणि पदार्थवार एकूण वजन मिळतं. दसरा २ ऑक्टोबरला आहे आणि दसऱ्यापासून ऑर्डरींचा ओघ सुरू होतो. त्याआधी कोड साफ करायचा आहे. जमलं तर पुढच्या वर्षी पुतणीच्या हवाली करायचा आहे. ती यंदा बारावीत आहे आणि जावास्क्रिप्ट बऱ्यापैकी वाचते.

जुना कोड उघडल्यावर दिसलं ते असं. हिशोबाची फंक्शन्स ठीक आहेत, डेटाही ठीक आहे, पण दोघांचं एकमेकांशी जमत नाही. एकाला चार सुटी आर्ग्युमेंट्स (फंक्शनला दिल्या जाणाऱ्या व्हॅल्यू) हवीत, तर समोरून चारही एका ॲरेत, म्हणजे यादीत, येतात. एकाला एकच व्हॅल्यू हवी, तर मॅप (यादीतल्या प्रत्येक व्हॅल्यूवर दिलेलं फंक्शन चालवणारी ॲरेची मेथड) तीन पाठवतो. म्हणून जागोजागी हाताने लिहिलेले ठिगळवजा कॉलबॅक, म्हणजे दुसऱ्याने बोलवावीत म्हणून हवाली केलेली फंक्शन्स. एका ठिकाणी बरोबर, दुसरीकडे तेच चुकलेलं. हे सगळं ‘जुळवणी’ नावाच्या एका फाइलमध्ये आणायचं ठरवलं.

लोडॅश या जावास्क्रिप्ट लायब्ररीत हे सगळं तयार मिळतं: युनरी, फ्लिप, स्प्रेड, रीआर्ग, पार्शलराइट. तरी घेतलं नाही. पान पेनड्राइव्हवरून, इंटरनेटशिवाय, डबलक्लिक करून उघडलं जातं. तसं उघडल्यावर क्रोम इम्पोर्टवाली मॉड्यूल्स अडवतो, म्हणून सगळं साध्या स्क्रिप्ट टॅगमधून जोडायचं. पाचसहा ओळींसाठी अख्खी लायब्ररी सोबत वागवायची इच्छा नाही.

फंक्शनांची नावं देवनागरीत ठेवतोय. जावास्क्रिप्टला ती चालतात, काना-मात्रा-अनुस्वारासकट. खालच्या ओळींत सुरुवातीचा कॉन्स्ट गाळला आहे, तो तुम्ही घाला. कोडमधल्या संख्या मात्र इंग्रजी आकड्यांतच लिहाव्या लागतात. इथे त्या वाचण्यासाठी देवनागरीत दिल्या आहेत.

पहिला हेल्पर, पहिल्या बगसाठी. पाकिटांच्या रकान्यावर मॅप चालवून त्याला थेट पार्सइंट (मजकुरातून पूर्णांक काढणारं फंक्शन) दिलं होतं. रकान्यात होतं १०, १०, १०, १२. बाहेर आलं १०, नॅन (म्हणजे ‘ही संख्या नाही’), २, ५.

कारण जगजाहीर आहे, तरी दरवर्षी कुणीतरी यात पडतंच. मॅप कॉलबॅकला व्हॅल्यू, इंडेक्स आणि पूर्ण ॲरे असं तिन्ही देतो. पार्सइंटचं दुसरं आर्ग्युमेंट म्हणजे कोणत्या पायाची संख्या ते. पाया ० म्हणजे ‘दिलाच नाही’, म्हणून पहिली ओळ बरोबर. पाया १ चालत नाही, म्हणून नॅन. पाया २ ला ‘१०’ म्हणजे दोन. पाया ३ ला ‘१२’ म्हणजे पाच.

खरी भीती नॅनची नाही, तो डोळ्यांत खुपतो. भीती त्या २ आणि ५ ची. दोन पाकिटं, पाच पाकिटं, कुणाला शंका येणार? त्यातून अकराव्या ओळीचा इंडेक्स १०, म्हणजे तिथे उत्तर पुन्हा बरोबर. बाराव्या ओळीत दहाची अकरा पाकिटं होतात. पाया ३६ पर्यंतच चालतो, त्यामुळे अडतिसाव्या ओळीपासून पुढे नुसते नॅन. गेल्या वर्षी हे कसं निभावलं ते आज कळलं: वहिनी पाकिटं वहीत मोजत होत्या, पानावरचा आकडा त्यांनी कधी वापरलाच नाही.

एकच = फं => अ => फं(अ)

बस, एवढंच. मॅपला एकच(पार्सइंट) दिलं की इंडेक्स दारातच अडतो.

१० सप्टेंबर, बुधवार

आता वजन. लोक ‘500’ जसं इंग्रजीत लिहितात तसंच ‘५००’ मराठीतही लिहितात. पार्सइंटला आणि नंबरला देवनागरी आकडे कळत नाहीत, दोघंही नॅन देतात. म्हणून आधी प्रत्येक अंक बदलून घ्यायचा. युनिकोडमध्ये ‘०’ चा क्रमांक २४०६ आणि पुढे ओळीने ९ पर्यंत. अक्षराच्या क्रमांकातून २४०६ वजा केले की अंक हातात. जतकडच्या काही ऑर्डरींत कानडी आकडे येतात, त्यांचा ‘०’ ३३०२ वर आहे. म्हणून फंक्शनला दुसरं, ऐच्छिक आर्ग्युमेंट ठेवलं: अंक(अक्षर, पाया = २४०६). इथे पाया म्हणजे त्या लिपीतल्या ‘०’ चा क्रमांक.

ते स्ट्रिंगच्या रिप्लेसला कॉलबॅक म्हणून दिलं. चाचणीला एक ऑर्डर: चकली, ५०० ग्रॅम. पानावर वजन आलं २४११२४०५२४०४ ग्रॅम.

वहिनी बाजूलाच बसल्या होत्या. “भावोजी, चोवीस कोटी किलो चकली? भाजणी कुठून आणायची?”

रिप्लेससुद्धा कॉलबॅकला एकटं अक्षर देत नाही. जुळलेला तुकडा, मग (पॅटर्नमध्ये गट असतील तर) ते गट, मग तो तुकडा कितव्या जागी सापडला तो आकडा, आणि शेवटी पूर्ण स्ट्रिंग. माझ्या पॅटर्नमध्ये गट नव्हते, त्यामुळे जागेचा आकडा थेट ‘पाया’त जाऊन बसला. डीफॉल्ट व्हॅल्यू तेव्हाच लागते जेव्हा आर्ग्युमेंट येत नाही किंवा अनडिफाइन्ड (म्हणजे ‘व्हॅल्यूच नाही’) येतं. इथे तर ०, १, २ आले होते. म्हणून ‘५’ चे २४११ वजा ०, पुढच्या शून्याचे २४०६ वजा १, त्याच्या पुढच्याचे २४०६ वजा २, आणि तिन्ही एकापुढे एक चिकटले: २४११, २४०५, २४०४.

रिप्लेसला एकच(अंक) दिलं, ५०० आलं. कानडीसाठी वेगळा छोटा ॲरो, म्हणजे बाणाच्या खुणेने लिहिलेलं फंक्शन: अ => अंक(अ, ३३०२).

यानंतर बसून सगळ्या फाइलमध्ये शोधलं की ऐच्छिक आर्ग्युमेंट असलेलं फंक्शन कुठे कुठे थेट कॉलबॅक म्हणून दिलंय. संध्याकाळ त्यातच गेली, पण एक मोलाचा सापडला: लिंकांच्या यादीवर मॅप करून त्याला थेट फेच (लिंकवरून माल आणणारं फंक्शन) दिलेलं. फेचचं दुसरं आर्ग्युमेंट सेटिंग्जचा ऑब्जेक्ट असतं. तिथे इंडेक्सचा आकडा गेला की टाइपएरर येतो. हा निदान ओरडतो तरी.

ॲरेच्या फ्रॉमला दिलेलं मॅपिंग फंक्शनही इंडेक्स घेतं, हे लक्षात ठेवा. तिथे व्हॅल्यू आणि इंडेक्स अशी दोन येतात. फिल्टरला बूलियन थेट दिलेलं मात्र बिनधास्त चालतं, कारण ते पहिल्यापलीकडे पाहतच नाही. तिथे ‘एकच’ लावून ओळ लांबवली नाही.

१३ सप्टेंबर, शनिवार

सीएसव्हीची एक ओळ म्हणजे चार खान्यांचा ॲरे. बिलाची ओळ बनवणाऱ्या फंक्शनला चार सुटी आर्ग्युमेंट्स लागतात: नाव, पदार्थ, वजन, दर.

सुटे = फं => यादी => फं(...यादी)
गोळा = फं => (...यादी) => फं(यादी)

‘सुटे’ रोज लागतो. प्रॉमिस ऑलचं उत्तरही ॲरेतच येतं आणि देनला एकच व्हॅल्यू मिळते, तिथेही हाच. ‘गोळा’ त्याची उलटी बाजू म्हणून लिहिला, आणि आजवर एकदाही लागला नाही.

दोन अडचणी आल्या. पहिली: दराचा खाना रिकामा असेल तर नेहमीचा दर लागावा म्हणून फंक्शनमध्ये डीफॉल्ट ठेवला होता. तो लागेना. सीएसव्हीतला रिकामा खाना अनडिफाइन्ड नसतो, रिकामी स्ट्रिंग असते. डीफॉल्टच्या लेखी ती भरलेलीच. त्यात नंबर रिकाम्या स्ट्रिंगचं शून्य करतो, म्हणजे बिल फुकट. ‘सुटे’मध्येच रिकाम्या स्ट्रिंगचं अनडिफाइन्ड करून टाकावं असा मोह झाला. केलं नाही. हेल्परने आर्ग्युमेंटांची मांडणी बदलावी, आतला माल नाही. ते काम सीएसव्ही वाचणाऱ्या फंक्शनकडे दिलं.

दुसरी अडचण आज आली नाही, पण येऊ शकते. सर्वांत मोठी ऑर्डर काढायला मॅथ मॅक्सला अख्खा रकाना स्प्रेड करून (तीन टिंबांनी सुटा करून) दिलाय. आपल्या शेकड्यातल्या ओळींना काही होत नाही. पण आर्ग्युमेंटांच्या संख्येला इंजिनांची मर्यादा असते. सफारीच्या जावास्क्रिप्टकोरमध्ये ती ६५,५३६ आहे. त्यापुढचा माल असेल तर ‘सुटे’ नको, रिड्यूस वापरा.

आजच पदार्थवार एकूण वजनाची यादी छापली. तिच्यात आलं: “१२ : चकली”, “८ : अनारसे”. छापणाऱ्या फंक्शनला आधी पदार्थ आणि मग वजन हवं. बेरजा मॅप ऑब्जेक्टमध्ये (की आणि व्हॅल्यूच्या जोड्यांचा साठा, वरचा ॲरेचा मॅप नव्हे) ठेवल्या आहेत आणि त्याचा फॉरईच आधी व्हॅल्यू देतो, मग की. ॲरेचा फॉरईच आधी व्हॅल्यू देतो, त्याच धर्तीवर हे आहे. पण त्याच मॅपच्या एंट्रीज घेतल्या तर जोडी की, व्हॅल्यू अशी येते.

उलट = फं => (अ, आ, ...बाकी) => फं(आ, अ, ...बाकी)

फॉरईचला उलट(छापा), एंट्रीजच्या यादीला सुटे(छापा). दोन्ही बरोबर छापतात. दुसरं ठेवलं, कारण ते वाचताना थबकायला होत नाही.

१७ सप्टेंबर, बुधवार

हा दिवस सविस्तर लिहितो. बाकीचं काही वाचलं नाही तरी हे वाचा.

किंमत(वजन, दर) असं फंक्शन आहे. वजन ग्रॅममध्ये, दर किलोचा. चकलीचा दर ४८०, तो एकदाच बांधून ठेवायचा आणि वजनांच्या यादीवर मॅप चालवायचा. दर दुसऱ्या जागी आहे, म्हणून आर्ग्युमेंट शेवटून बांधणारा हेल्पर लिहिला. जोडीला सुरुवातीकडून बांधणाराही.

आधी = (फं, ...बांधलेले) => (...आलेले) => फं(...बांधलेले, ...आलेले)
शेवटी = (फं, ...बांधलेले) => (...आलेले) => फं(...आलेले, ...बांधलेले)

मॅपला शेवटी(किंमत, ४८०) दिलं. यादीत सगळ्यांचे पाचशे पाचशे ग्रॅम. प्रत्येकाचे २४० रुपये यायला हवेत. आलं: ०, ५० पैसे, १ रुपया, दीड रुपया. बिलं अशी चढत्या भाजणीने.

फंक्शन पुन्हा तपासलं, हातानं एकेक वजन देऊन पाहिलं, उत्तर २४०. मॅपमध्ये गेलं की बिघडतं. दुपार इथे गेली. शेवटी आत आलेली सगळी आर्ग्युमेंट्स छापून पाहिली तेव्हा दिसलं: ५००, ०, पूर्ण ॲरे, ४८०. मॅपने तीन पाठवली, माझ्या हेल्परने इमानदारीत त्यांच्या शेवटी ४८० लावले, म्हणजे ते चौथ्या जागी गेले. दुसऱ्या जागी इंडेक्स बसला आणि तोच दर झाला. पहिल्याला शून्य रुपये किलो, दुसऱ्याला एक रुपया किलो.

शेवटून बांधणं म्हणजे बोलावणारा जितकी पाठवेल त्यांच्यानंतर. ती जागा हेल्पर लिहिताना ठरत नाही, कॉल होताना ठरते. सुरुवातीकडून बांधलेलं आर्ग्युमेंट मात्र बोलावणाऱ्याने एक पाठवो की दहा, आपली जागा सोडत नाही. दोन्ही हेल्पर दिसायला सारखे आहेत, पण एकावर डोळे मिटून भरवसा ठेवता येतो, दुसऱ्यावर नाही.

‘एकच’ लावून सोडवायला गेलो तर पहिल्यांदा हे लिहिलं: शेवटी(एकच(किंमत), ४८०). आता सगळीकडे नॅन. बाहेरच्या ‘शेवटी’ने चार आर्ग्युमेंट्स आत ढकलली, आतल्या ‘एकच’ने पहिलं ठेवून बाकी तीन टाकली आणि त्यात आपले ४८० पण गेले. दर अनडिफाइन्ड, गुणाकार नॅन.

बरोबर क्रम असा: एकच(शेवटी(किंमत, ४८०)). गाळणारा हेल्पर बाहेर, बोलावणाऱ्याला लागून. भर घालणारा आत, फंक्शनला लागून.

तिसरा मार्गही करून पाहिला: आधी(उलट(किंमत), ४८०). मॅपकडून ५००, ०, ॲरे येतात. पुढे ४८० लागून ४८०, ५००, ०, ॲरे होतात. ‘उलट’ पहिल्या दोघांची अदलाबदल करतो, किंमतला ५०० आणि ४८० मिळतात, उरलेली दोन ती पाहत नाही. उत्तर २४०. चालतं, आणि ‘एकच’ शिवाय चालतं.

मग पुतणीला तीन ओळी दाखवल्या. चौथी अशी होती:

वजन => किंमत(वजन, ४८०)

“काका, ही चौथी असताना बाकीच्या कशाला?” याला उत्तर नव्हतं. ‘शेवटी’ फाइलमधून काढून टाकला. नावाला जपून ठेवावा असं त्यात काही नाही. दर बांधायच्या सगळ्या जागी साधे ॲरो आले. ‘आधी’ ठेवला.

(जावास्क्रिप्टचं प्रमाण ठरवणाऱ्या टीसी३९ समितीकडे जागा रिकामी सोडून आर्ग्युमेंट बांधायच्या सिंटॅक्सचा प्रस्ताव आहे. त्यात प्रश्नचिन्ह टाकून ‘ही जागा नंतर भर’ असं सांगता येतं. माझ्या माहितीत तो बरीच वर्षं पहिल्याच टप्प्यावर आहे. वाट पाहू नका.)

१९ सप्टेंबर, शुक्रवार

वजनाचा मजकूर फंक्शनात शिरण्याआधीच आकड्यात बदलावा म्हणून एक हेल्पर केला. नाव ठेवलं ‘दुसऱ्यावर’: पहिलं आर्ग्युमेंट जसंच्या तसं, दुसऱ्यावर दिलेलं फंक्शन चालवून पुढे. लॅपटॉपवर लिहिला, चालला. रात्री फोनवरून त्याचा एक कॉल वाढवला. सकाळी पान उघडलं तर रेफरन्सएरर: दुसऱ्यावर डिफाइन्ड नाही. समोर तर दिसतोय! शोधा-बदला केलं तर शोध एकाच जागी थांबतो.

‘ऱ्य’ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एका कीबोर्डवर नुक्त्याचा र (यू+०९३१) आणि हलन्त, दुसऱ्यावर साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडाक्षरी झेडडब्ल्यूजे (यू+२००डी). पडद्यावर अक्षर तेच, पण नावं दोन. जावास्क्रिप्ट नावं तपासताना हे सारखं करून घेत नाही, क्रमांक जुळले तरच तेच नाव. आणि झेडडब्ल्यूजे नावात चालतो, त्यामुळे सिंटॅक्सची तक्रारही येत नाही.

नाव बदलून ‘वजनावर’ केलं. कोडातल्या नावांत ऱ्य आणि ऱ्ह घ्यायचं नाही असं फाइलच्या डोक्यावर लिहून ठेवलंय. देवनागरी नावांचं हे एवढंच दुखणं निघालं. बाकी सोयच आहे.

२१ सप्टेंबर, रविवार

पानावरच्या पदार्थांच्या डब्यांच्या आयडींवर मॅप करून गेटएलिमेंटबायआयडी दिलं, अर्थात ‘एकच’ लावून. क्रोम म्हणाला इललीगल इन्व्होकेशन. ‘एकच’ काढून पाहिलं, तरी तेच.

इथे आर्ग्युमेंटांचा प्रश्नच नाही. मेथड तिच्या मालकापासून तोडून दिली की आतला दिस (मेथड कुणाच्या मालकीची हे सांगणारा शब्द) हरवतो आणि ही मेथड डॉक्युमेंटशिवाय चालत नाही. आपले सगळे हेल्पर ॲरो आहेत, त्यांना स्वतःचा दिस नसतो, ते तो पुढे नेणार नाहीत. हेल्पर जुन्या पद्धतीच्या फंक्शनने लिहून दिस पुढे पाठवता आला असता, पण मग प्रत्येक एका ओळीच्या पाच ओळी होतात आणि मॅपमधून बोलावताना पुढे पाठवायला दिस नसतोच. इथे बाइंड करून दिलं किंवा साधा ॲरो लिहिला की झालं.

याला एक सुखद अपवाद. पैसे छापायला इंटलचा (ब्राउझरमधली भाषेनुसार आकडे-नावं मांडायची सोय) नंबरफॉरमॅट वापरलाय. त्याची फॉरमॅट ही मालकाशी आधीच बांधून मिळते, ती मॅपला थेट दिली तरी चालते, इंडेक्सही ती पाहत नाही. लोकेल ‘मराठी, भारत’ दिलं की आकडे देवनागरी आणि स्वल्पविराम लाख-कोटीच्या जागी: १,२३,४५६. वहिनी खूश. पण हीच छापील रक्कम यूपीआयच्या लिंकमध्ये घातली तर उपयोग नाही. तिथे साधे इंग्रजी आकडे, स्वल्पविरामाशिवाय लागतात. लिंकसाठी मूळ संख्याच वापरा.

२४ सप्टेंबर, बुधवार

बिल दुरुस्तीच्या खिडकीत ‘ओळ वाढवा’ हे बटण आहे. त्याला नवी_ओळ हे फंक्शन थेट दिलं होतं. त्याचं पहिलं आर्ग्युमेंट पदार्थ, डीफॉल्ट चकली. बटण दाबलं की पदार्थाच्या जागी चौकटी कंसात ‘ऑब्जेक्ट पॉइंटरइव्हेंट’. क्लिकचा इव्हेंट पहिल्या जागी येतो, डीफॉल्टला वावच राहत नाही.

रिकामं = फं => () => फं()

हे लावलं आणि नवं खूळ सुरू झालं. खिडकी पहिल्यांदा उघडली तर एका दाबाला एक ओळ, बंद करून पुन्हा उघडली की दोन, मग तीन. खिडकी उघडताना लिसनर जोडतो आणि बंद करताना काढतो. दोन्हीकडे रिकामं(नवी_ओळ) असं लिहिलेलं. पण हेल्पर प्रत्येक वेळी नवं कोरं फंक्शन देतो. जोडलेलं एक, काढायला सांगितलेलं दुसरंच. ब्राउझर निमूटपणे काहीच काढत नाही, एररही देत नाही. रॅपर (हेल्परने गुंडाळून दिलेलं फंक्शन) नसता तर दुहेरी जोडणीसुद्धा ब्राउझरने सांभाळली असती. तेच फंक्शन त्याच इव्हेंटला दुसऱ्यांदा जोडलं तर तो दुर्लक्ष करतो.

एकदाच गुंडाळून नाव द्यायचं आणि दोन्हीकडे तेच वापरायचं:

ओळ_वाढवा = रिकामं(नवी_ओळ)

मधल्या वेळात वीकमॅप घेऊन ‘तेच फंक्शन आलं तर तोच रॅपर परत दे’ असंही लिहून पाहिलं. चाललं. काढून टाकलं, कारण एका नावाने जे भागतं त्याला ही यंत्रणा जड आहे.

२८ सप्टेंबर, रविवार

दोन गोष्टी, एक फुकट गेली आणि एक फारच कामाची निघाली.

फुकट गेलेली: आर्ग्युमेंट्स टप्प्याटप्प्याने घेणारा करी हेल्पर. फंक्शनला किती लागतात हे तो लेंग्थवरून ओळखतो. पण लेंग्थ पहिल्या डीफॉल्टपाशी मोजणं थांबवते, आणि रेस्ट आर्ग्युमेंट धरतच नाही. अंक(अक्षर, पाया = २४०६) ची लेंग्थ १. आणि ‘आधी’तून बाहेर पडलेल्या कुठल्याही फंक्शनची ०, म्हणजे करीला वाटतं सगळं मिळालं आणि तो लगेच चालवून मोकळा होतो. बाइंड मात्र उरलेली लेंग्थ नीट ठेवतं. डिफाइनप्रॉपर्टीने लेंग्थ हाताने बसवता येते, तसं केलंही, पण मग प्रत्येक हेल्परला ती शेपटी. चार आर्ग्युमेंटांच्या फंक्शनांसाठी हे नको. रद्द.

कामाची: सॉर्ट. आचारी ताईंना मोठ्या ऑर्डरी आधी हव्यात, आणि सारख्या वजनाच्या असतील तर जी आधी आली ती आधी. कमी वजन आधी लावणारा तुलनेचा कॉलबॅक तयार होता. तो लावून वर रिव्हर्स केलं होतं. मोठ्या आधी आल्या, पण बरोबरीवाल्यांचा क्रमही उलटला: एक किलोवाल्यांत शेवटी आलेलं गिऱ्हाईक सर्वांत वर.

मोठ्या_आधी = उलट(लहान_आधी)

तुलनेची दोन आर्ग्युमेंट्स अदलाबदल केली की क्रम उतरता होतो, पण बरोबरीत उत्तर शून्यच राहतं. आणि सॉर्ट २०१९ च्या प्रमाणापासून स्थिर असणं बंधनकारक आहे, म्हणून बरोबरीवाले आलेल्या क्रमानेच राहतात. ‘उलट’ फाइलमध्ये असावा की नाही यावर मन डळमळत होतं, ते इथे मिटलं. नावांची मराठी वर्णक्रमाने उतरती यादीही याच मार्गे: इंटलच्या कोलेटरची कंपेअर बांधून मिळते, तिला थेट ‘उलट’ लावता येतं.

३० सप्टेंबर, मंगळवार

फाइलमध्ये आता उरलंय: एकच, सुटे, उलट, आधी, रिकामं, वजनावर. ‘गोळा’, ‘शेवटी’ आणि करी गेले. प्रत्येक हेल्परच्या वर एक ओळ, तो नसेल तर नेमकं काय बिघडतं याची. ‘एकच’वर पाकिटांचे ते १०, नॅन, २, ५ लिहिलेत.

एररच्या ट्रेसमध्ये रॅपरांची नावं दिसत नाहीत, अनॉनिमस म्हणून येतात. दोन हेल्पर एकात एक असतील तर कुठल्या ओळीवर बोंब आहे ते शोधायला त्रास होतो. तिसरा आत घालायची वेळ आली तर सरळ ॲरो लिहायचा, असं पुतणीशी ठरलंय.

गेल्या वर्षीची पूर्ण सीएसव्ही नव्या पानातून काढली आणि वहिनींच्या वहीशी ताडली. पाकिटं जुळली, वजनं जुळली. रकमेत एका बिलात पंधरा रुपयांचा फरक. तो पानाचा नाही, वहीत करंज्यांचा जुना दर लावला गेला होता. वहिनी म्हणाल्या, राहू दे, आता कुठे मागायला जायचं.

राहिलंय: ‘अर्धा किलो’, ‘पाव किलो’ असं अक्षरात लिहिणाऱ्यांची वजनं. ते हेल्परांचं काम नाही, फॉर्ममध्येच यादीतून निवडायला लावणार आहे. आणि शेजारच्या गटाने पान मागितलंय. त्यांचे दर पाकिटावर आहेत, किलोवर नाहीत, त्यामुळे किंमत हे फंक्शन त्यांना वेगळं लागेल. जुळवणीची फाइल जशीच्या तशी देतोय.